सर्व्हरच्या लॉगमध्ये तीच एरर रोज का येते? जुनी मॉनिटरिंग सेटिंग शोधून दुरुस्त करण्याची पद्धत

घरच्या वायफायचा पासवर्ड बदलला की काय होतं, हे तुम्ही पाहिलंच असेल. तुमच्या फोनमध्ये तुम्ही लगेच नवा पासवर्ड टाकता, पण हॉलमधला स्मार्ट टीव्ही आणि आजोबांचा जुना मोबाईल जुन्याच पासवर्डनं दार ठोठावत बसतात. राउटर दर वेळी नकार देतो. टीव्ही बिघडलेला नसतो, राउटरही ठीक असतो. बदल झालाय, एवढंच टीव्हीला कुणी सांगितलेलं नसतं.

सर्व्हरवर नेमकं हेच घडतं, फक्त तिथे प्रत्येक नकार एका फाईलमध्ये लिहिला जातो. त्या फाईलला लॉग म्हणतात. आणि सर्व्हरवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर जुन्या माहितीवर चालत असेल, तर तीच एक एरर दर दोन मिनिटांनी, दर पाच मिनिटांनी, महिनोनमहिने लॉगमध्ये येत राहते.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. नोकरीसोबत बुलढाणा जिल्ह्यातल्या दोन-तीन छोट्या संस्थांच्या सर्व्हरकडेही बघतो. हा प्रकार मला सगळ्यात जास्त वेळा दिसलाय, आणि त्यावर सगळ्यात जास्त वेळा मिळालेलं उत्तर म्हणजे, "ते रोजचंच आहे सर, त्याले काई होत नाही." या लेखात बघूया की ही 'रोजची' एरर येते कुठून, ती का सोडून देऊ नये आणि ती मुळापासून कशी काढायची.

एक सूचना आधीच. कमांड आणि सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे मराठीत लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी स्पेलिंग वापरायचं.

आधी शब्दांची ओळख

सर्व्हर: सतत चालू राहून इतरांना सेवा देणारा कॉम्प्युटर. बँकेचं ॲप उघडल्यावर तुमची शिल्लक जिथून येते, तो सर्व्हर. तो मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये असू शकतो, किंवा तालुक्याच्या गावी एखाद्या ऑफिसच्या कोपऱ्यात इन्व्हर्टरला जोडलेलाही असू शकतो.

लॉग: सर्व्हरची रोजनिशी. कोण आलं, काय मागितलं, काय जमलं नाही, हे सगळं वेळेसकट त्यात उतरतं. लिनक्समध्ये यासाठी सिसलॉग नावाची जुनी पद्धत आहे. ती एरिक ऑलमन यांनी १९८०च्या दशकात सेंडमेल या ईमेल सॉफ्टवेअरसाठी तयार केली, आणि पुढे सगळ्या युनिक्स-लिनक्स जगानं उचलली. त्यात गांभीर्याच्या आठ पायऱ्या आहेत: ० म्हणजे इमर्जन्सी, १ अलर्ट, २ क्रिटिकल, ३ एरर, ४ वॉर्निंग, ५ नोटीस, ६ इन्फो आणि ७ डीबग. आकडा जितका लहान, तितकी गोष्ट गंभीर.

मॉनिटरिंग: सर्व्हरची ठरावीक वेळाने तपासणी करून गडबड दिसली की निरोप पाठवणारं सॉफ्टवेअर. नागिओस, झॅबिक्स, मुनिन आणि प्रोमिथियस ही यातली प्रसिद्ध मोफत नावं. झॅबिक्स २००१ मध्ये पहिल्यांदा सगळ्यांसाठी खुलं झालं. प्रोमिथियसची सुरुवात २०१२ मध्ये साउंडक्लाउड या संगीत कंपनीत झाली.

एजंट: ज्या मशीनवर नजर ठेवायची, तिच्यावर बसवलेला मॉनिटरिंगचा छोटा प्रोग्राम. डिस्क किती भरली, मेमरी किती उरली, हे तो मोजतो आणि मुख्य मॉनिटरिंग सर्व्हरला कळवतो.

चेक: एक ठरलेली तपासणी. उदाहरणार्थ, 'अमुक डिस्क ९० टक्क्यांच्या वर गेली का?'

जुनी सेटिंग एरर कशी तयार करते?

मॉनिटरिंग एकदा बसवलं की लोक ते विसरतात. सर्व्हर मात्र बदलत राहतो. डिस्क बदलते, पासवर्ड बदलतो, इंटरनेट कनेक्शन बदलतं. चेक मात्र बसवला त्या दिवशीच्याच जगात राहतो. यातून पाच प्रकारच्या एरर येतात.

१. पत्ता जुना. कोणत्या आयपी ॲड्रेसवरून आलेले प्रश्न स्वीकारायचे, याची यादी एजंटकडे असते. मॉनिटरिंग सर्व्हर दुसरीकडे हलवला आणि यादीत जुनाच आयपी राहिला, तर झॅबिक्स एजंट लिहितो की अमुक ठिकाणहून आलेलं कनेक्शन नाकारलं, परवानगी फक्त तमुक ठिकाणाला आहे. आपल्याकडे याचं एक नेहमीचं कारण म्हणजे लाइट. लाइट गेली, राउटर बंद पडून पुन्हा चालू झाला, की साध्या ब्रॉडबँड कनेक्शनला बाहेरचा नवा आयपी मिळू शकतो. सेटिंगमध्ये कालचा आयपी लिहिलेला असेल तर आजपासून एरर सुरू.

२. नाव जुनं. झॅबिक्समध्ये एजंटच्या फाईलमधलं 'होस्टनेम' आणि डॅशबोर्डवरचं होस्टचं नाव तंतोतंत सारखं लागतं. लहान-मोठ्या अक्षराचा फरकही चालत नाही. एकीकडे नाव बदललं की 'या नावाचा होस्ट सापडला नाही' अशी एरर येत राहते.

३. पासवर्ड जुना. डेटाबेस तपासण्यासाठी मॉनिटरिंगला वेगळा युजर दिलेला असतो. त्याचा पासवर्ड बदलला आणि चेकमध्ये जुनाच राहिला, तर डेटाबेसच्या लॉगमध्ये 'ॲक्सेस डिनाइड'च्या ओळींची रांग लागते.

४. वस्तूच उरली नाही. काढून टाकलेली डिस्क, बंद केलेली सेवा, पुसलेला फोल्डर. चेक मात्र त्याचाच शोध घेत राहतो. मुनिनमध्ये सॉफ्टवेअर काढल्यावरही त्याच्या प्लगिनची लिंक मागे राहू शकते. मुनिन साधारणपणे दर ५ मिनिटांनी माहिती गोळा करतं, म्हणजे अशा एका लिंकमुळे दिवसाला २८८ वेळा तीच तक्रार.

५. सर्टिफिकेट किंवा भाषा जुनी. दोन मशीन सुरक्षित बोलण्यासाठी सर्टिफिकेट वापरतात, आणि त्याला मुदत असते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी एका खूप वापरल्या जाणाऱ्या जुन्या रूट सर्टिफिकेटची मुदत संपली. त्या दिवशी वेबसाइट ठीक असूनही ज्या मशीनमध्ये सर्टिफिकेटची यादी जुनी होती, त्यांना त्या साइट धोकादायक वाटू लागल्या. अपडेट न केलेल्या मॉनिटरिंग मशीनही त्यात होत्या.

पाचही प्रकारांत तपासली जाणारी सेवा बहुतेक वेळा व्यवस्थित चालू असते. म्हणूनच लोक निश्चिंत होतात, आणि अडचण तिथेच सुरू होते.

'रोजचीच एरर' म्हणून सोडून का देऊ नये?

वीज मीटरचं रीडिंग घेणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. एक घर पाडलं आणि मालकानं पलीकडच्या प्लॉटवर नवं बांधलं. रीडिंगवाल्याच्या यादीत मात्र जुनंच घर आहे. तो दर महिन्याला मोकळ्या जागेसमोर उभा राहून 'घर बंद' लिहितो आणि जातो. वहीत तक्रार नियमित येतेय, पण खरं नुकसान त्या तक्रारीचं नाही. नव्या घराचं मीटर कुणीच वाचत नाहीये, हे आहे.

मॉनिटरिंगची जुनी सेटिंग तीन प्रकारे नुकसान करते.

पहिलं, खरी गोष्ट एररच्या गर्दीत हरवते. मॉनिटरिंगच्याच युजरकडून दर मिनिटाला 'ॲक्सेस डिनाइड' येत असेल, तर दिवसाला १,४४० ओळी होतात. त्यात कुणी बाहेरचा माणूस पासवर्डचे अंदाज लावत असेल तर त्याच्या वीस ओळी कुणाच्या नजरेत भरणार?

दुसरं, इतिहास पुसला जातो. लॉग फाईल अमर्याद वाढू देत नाहीत. झॅबिक्स एजंटची मूळ मर्यादा १ एमबी आहे. ती भरली की फाईलचं नाव बदलून 'जुनी' केली जाते आणि त्याआधीची जुनी फाईल जाते. आता हिशोब करा. दर २ मिनिटांनी एक ओळ म्हणजे दिवसाला ७२०. एक ओळ साधारण १२० अक्षरांची धरली तर रोज ८६ केबी. म्हणजे १२ दिवसांत फाईल भरते, आणि हातात उरतो जेमतेम २४ दिवसांचा इतिहास, तोही सगळा एकाच वाक्याचा. काही पॅकेजमध्ये ही मर्यादा शून्य ठेवून फाईल फिरवण्याचं काम लॉगरोटेटकडे दिलेलं असतं, तेव्हा आपल्या मशीनवर काय आहे ते बघून घ्या. हे महत्त्वाचं आहे, कारण सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी संस्थांनी आपल्या यंत्रणेचे लॉग १८० दिवस सांभाळायचे आहेत, आणि ठरावीक प्रकारच्या सायबर घटना ६ तासांत कळवायच्या आहेत.

तिसरं आणि सगळ्यात वाईट, नजरच बंद होते. याचं जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे अमेरिकेतली इक्विफॅक्स ही क्रेडिट स्कोअर ठेवणारी कंपनी. तिच्याकडे नेटवर्कमधली एन्क्रिप्टेड वाहतूक तपासणारं यंत्र होतं, पण त्या यंत्राच्या सर्टिफिकेटची मुदत कित्येक महिन्यांपूर्वी संपली होती. वाहतूक चालूच राहिली, फक्त तपासली जात नव्हती. २०१७ च्या मे महिन्यात हॅकर आत शिरले आणि ७६ दिवस माहिती चोरत राहिले. २९ जुलै २०१७ रोजी नवं सर्टिफिकेट बसवल्याबरोबर संशयास्पद वाहतूक दिसली. तोवर सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली होती. २०११ च्या जनगणनेत आपल्या बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या साधारण २६ लाख होती, म्हणजे असे पन्नासपेक्षा जास्त जिल्हे. हॅकर शिरले ते वेळेवर अपडेट न केलेल्या सॉफ्टवेअरमधून. पण ते इतके दिवस दिसले नाहीत, याचं एक कारण एक जुनं सर्टिफिकेट होतं.

आपल्या जिल्ह्यातलं एक उदाहरण

मेहकर भागातल्या एका पतसंस्थेचा सर्व्हर. उबंटू लिनक्स, त्यावर डेटाबेस, आणि नजर ठेवायला झॅबिक्स. मला बोलावलं होतं ते वेगळ्याच कामासाठी, प्रिंटर जोडायला अडचण येत होती म्हणून. सवयीनं लॉग उघडला तर एकच ओळ दर दोन मिनिटांनी. तिचा अर्थ असा: 'तुमच्यासाठी ॲक्टिव्ह चेकची यादी नाही, या नावाचा होस्ट सापडला नाही.'

आधी ॲक्टिव्ह चेक म्हणजे काय ते बघू. झॅबिक्समध्ये दोन पद्धती आहेत. पॅसिव्ह पद्धतीत मुख्य सर्व्हर विचारतो आणि एजंट उत्तर देतो. ॲक्टिव्ह पद्धतीत एजंट स्वतः मुख्य सर्व्हरकडे जाऊन 'माझ्यासाठी काय काम आहे?' असं विचारतो, यादी घेतो आणि मोजमापं पाठवत राहतो. जुन्या आवृत्त्यांमध्ये एजंट ही यादी दर १२० सेकंदांनी मागतो. दोन मिनिटांचं कोडं इथेच सुटलं.

डॅशबोर्डवर सगळ्या शाखांची नावं काही महिन्यांपूर्वी नव्या पद्धतीनं ठेवली गेली होती. या मशीनवरच्या फाईलमध्ये जुनं नाव तसंच होतं. मुख्य सर्व्हरनं त्या नावाला ओळख दिली नाही. परिणाम काय? ॲक्टिव्ह पद्धतीनं मोजल्या जाणाऱ्या सगळ्या गोष्टी, डिस्कसकट, मोजल्याच जात नव्हत्या. पिंग मात्र लागत होता, म्हणून डॅशबोर्डवर शाखा हिरवी दिसत होती.

नाव दुरुस्त केलं, एजंट पुन्हा सुरू केला, एरर थांबली. इथे काम संपलं असं वाटू शकतं. पण डिस्कच्या चेककडे बघितलं तर तो 'नॉट सपोर्टेड' झाला होता, आणि कारण दिलं होतं, 'अशी फाईल किंवा फोल्डर नाही'. म्हणजे मधल्या काळात डिस्कही बदलली होती. डेटा नव्या डिस्कवर, नव्या फोल्डरात गेला होता आणि चेक जुन्या फोल्डरावरच अडकला होता. झॅबिक्समध्ये आयटम 'नॉट सपोर्टेड' झाला की त्यावर अवलंबून असलेला ट्रिगर 'अननोन' अवस्थेत जातो, आणि नेहमीचा धोक्याचा मेसेज येत नाही. डिस्क पूर्ण भरली असती तरी कुणाचा फोन वाजला नसता.

नवी डिस्क ५०० जीबीची होती आणि ९३ टक्के भरलेली. उरलेली जागा ३५ जीबी. रोज रात्रीचा बॅकअप त्याच डिस्कवर साधारण २ जीबी जागा घेत होता. म्हणजे हातात सतरा-अठरा दिवस. मे महिन्याचा शेवट होता. डिस्क भरली असती ती जूनच्या मध्यात, पेरणीच्या तोंडावर, जेव्हा बियाण्या-खतासाठी पैसे काढायला संस्थेत रांग लागते. डिस्क भरली की डेटाबेस नवीन नोंद लिहू शकत नाही. काउंटरवरच्या माणसाला त्याचे स्वतःचे पैसे देता येत नाहीत.

जुने बॅकअप वेगळ्या ठिकाणी हलवले, चेकला नवा फोल्डर दिला. सगळं मिळून अर्ध्या दिवसाचं काम. तो निरोप लॉग रोज ७२० वेळा देत होता, फक्त वेगळ्या शब्दांत.

दुरुस्तीच्या आठ पायऱ्या

पायरी १: मोजणी करा. आधी कोणती ओळ किती वेळा येते ते बघा. लिनक्समध्ये 'जर्नलसीटीएल' कमांडला 'डॅश पी एरर' दिलं की फक्त एरर आणि त्याहून गंभीर ओळी दिसतात. 'डॅश ओ कॅट' दिलं की वेळ गळून फक्त मजकूर उरतो. हा मजकूर 'सॉर्ट', मग 'युनिक डॅश सी', मग 'सॉर्ट डॅश आर एन' यांच्याकडे पाठवा. सगळ्यात जास्त वेळा आलेली ओळ वर येते. वेळ काढणं विसरू नका, नाहीतर प्रत्येक ओळ वेगळी मोजली जाईल. झॅबिक्स, डेटाबेस यांचे स्वतंत्र लॉग 'व्हार' फोल्डरातल्या 'लॉग' फोल्डरात असतात. तेही बघा.

पायरी २: दोन ओळींमधलं अंतर बघा. बरोबर ६०, १२० किंवा ३०० सेकंद असेल तर ते यंत्राचं काम. माणूस घड्याळ लावून चुका करत नाही. एक गोष्ट लक्षात ठेवा: क्लाउडवरचे बरेच सर्व्हर जागतिक वेळ लिहितात. आपली वेळ काढायला त्यात साडेपाच तास मिळवा. लॉगमध्ये ०४:३० असेल तर तेव्हा आपल्याकडे सकाळचे दहा वाजलेले असतात.

पायरी ३: विचारणारा कोण ते शोधा. ओळीत सेवेचं नाव, प्रोसेस नंबर, युजर किंवा आयपी असतो. तो आयपी तुमच्याच मॉनिटरिंग सर्व्हरचा आहे का? आजचा की जुना? तुमचा नसेल तर थांबा. मग हा जुन्या सेटिंगचा प्रश्न नाही, कदाचित हल्ल्याचा आहे. जाणकाराला लगेच कळवा.

पायरी ४: तो काय शोधतोय ते बघा, आणि ती वस्तू आज आहे का ते तपासा. फोल्डर आहे का, सेवा चालू आहे का, पोर्ट उघडं आहे का. झॅबिक्स एजंट साधारण १०००५० असा लांब काही नाही, १००५० या पोर्टवर ऐकतो आणि मुख्य सर्व्हर १००५१ वर. फायरवॉलमध्ये हे दोन आकडे आधी बघा.

पायरी ५: सेटिंगची फाईल वाचा. आधी तिची कॉपी काढून ठेवा, नावापुढे तारीख टाका. झॅबिक्स एजंटमध्ये तीन ओळी महत्त्वाच्या: 'सर्व्हर' म्हणजे प्रश्न विचारायची परवानगी कुणाला, 'सर्व्हर-ॲक्टिव्ह' म्हणजे एजंटनं स्वतः कुणाकडे जायचं, आणि 'होस्टनेम'. बरेच लोक पहिली बदलतात आणि दुसरी विसरतात. मग एक एरर जाते आणि दुसरी राहते.

पायरी ६: दुरुस्त करा किंवा काढून टाका. वस्तू नव्या जागी गेली असेल तर चेकला नवी जागा द्या. वस्तू कायमची गेली असेल तर चेकच काढा. बदलानंतर एजंट रीस्टार्ट करायला विसरू नका. आयपी वारंवार बदलत असेल तर आकडा लिहिण्याऐवजी डोमेन नाव वापरा, व्हीपीएन लावा, किंवा ॲक्टिव्ह पद्धत वापरा, म्हणजे शाखेचा आयपी कितीही बदलला तरी एजंट स्वतः बाहेर जाऊन बोलेल.

पायरी ७: धोक्याचा मेसेज खरंच येतो का ते बघा. ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. एरर थांबली म्हणजे चेक चालू झाला असं नाही. डिस्कची मर्यादा थोड्या वेळासाठी ९० वरून ४० टक्क्यांवर आणा. फोनवर मेसेज आला पाहिजे. आला की मर्यादा परत ९० करा. सोबत 'इतका वेळ माहितीच आली नाही तर कळव' असा नो-डेटा ट्रिगरही लावा. वरच्या उदाहरणात तो असता, तर नाव बदललं त्याच दिवशी गडबड कळली असती.

पायरी ८: लिहून ठेवा. काय बदललं, कधी, कुणी. एक साधी वही किंवा शेअर केलेली शीट पुरते. आणि डिस्क, पासवर्ड, नाव, इंटरनेट यांतलं काहीही बदलताना 'मॉनिटरिंगमध्ये बदल केला का?' हा रकाना त्यात हवाच.

हे करू नका

लॉग फाईल सरळ डिलीट करू नका. एखादा प्रोग्राम ती फाईल उघडून बसला असेल तर नाव दिसेनासं होतं, पण जागा मोकळी होत नाही. तो प्रोग्राम रीस्टार्ट होईपर्यंत डिस्क भरलेलीच राहते. शिवाय पुरावा जातो तो वेगळाच. जर्नलची जागा कमी करायची असेल तर त्याचा 'व्हॅक्यूम' पर्याय वापरा.

फक्त आवाज बंद करू नका. एरर दिसू नये म्हणून फिल्टर लावणं किंवा लॉगची पातळी कमी करणं म्हणजे मीटर रीडिंगवाल्याला 'घर बंद' लिहू नको असं सांगणं. नव्या घराचं मीटर तरीही कुणी वाचत नाही.

डीबग पातळी चालू ठेवून जाऊ नका. झॅबिक्समध्ये नेहमीची पातळी ३ असते. तपासणीसाठी ४ केली तर काम झाल्यावर परत ३ करा, नाहीतर लॉग फुगत जातो.

'सगळ्यांना परवानगी' देऊन एरर घालवू नका. परवानगीच्या यादीत सगळे आयपी चालतील असं लिहिलं की एरर लगेच थांबते, पण एजंटचं दार जगासाठी उघडं राहतं.

मोबाईलवरून काय काय जमतं?

बघणं बरंच जमतं. अँड्रॉइडवर टर्मक्स हे ॲप एफ-ड्रॉइडवरून घेता येतं. त्यात ओपन-एसएसएच पॅकेज टाकलं की फोनमधून सर्व्हरमध्ये लॉगिन करून लॉग वाचता येतो. झॅबिक्सचा डॅशबोर्ड फोनच्या ब्राउझरमध्येही उघडतो. सराव करायचा असेल तर घरच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाका, त्यावर एजंट बसवा आणि मुद्दाम होस्टनेम बदलून बघा. एक तासात एवढं शिकाल की पुस्तकातून तेवढ्याला आठवडा लागेल.

सेटिंग बदलायचं काम मात्र शक्यतो मोठ्या स्क्रीनवर करा. छोट्या कीबोर्डवर एक टिंब चुकलं तरी एजंट सुरू होत नाही. आणि लॉगचा स्क्रीनशॉट मदतीसाठी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्याआधी त्यातले आयपी, युजरची नावं आणि संस्थेचं नाव झाका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

एरर येते, पण सगळं काम चालू आहे. तरी बघायला हवं का?
हो. काम चालू आहे म्हणजे सेवा ठीक आहे. पण तिच्यावर नजर आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. उद्या सेवा बिघडली तर कळणार कसं, हा प्रश्न स्वतःला विचारा.

फोल्डरचं नाव हातानं लिहिण्याऐवजी आपोआप डिस्क शोधता येते का?
येते. झॅबिक्समध्ये डिस्कव्हरीची सोय आहे. ती मशीनवरच्या डिस्क स्वतः शोधून चेक तयार करते. पण जिच्यावर डेटाबेस आहे, त्या डिस्कसाठी एक वेगळा, हातानं लिहिलेला चेक ठेवाच. आपोआप यादीतून एखादी डिस्क गायब झाली तर ते पटकन लक्षात येत नाही.

लॉग किती दिवसांनी बघावा?
छोट्या संस्थेत आठवड्यातून एकदा, दहा मिनिटं. पायरी १ मधली मोजणी करा आणि पहिल्या पाच ओळी बघा. मागच्या आठवड्यात नसलेली ओळ वर आली असेल तर तिथून सुरुवात करा. पूर्ण लॉग वाचायची गरज नाही.

आम्हाला सर्व्हरचं काही कळत नाही, बाहेरचा माणूस बघतो. आम्ही काय करायचं?
त्याला तीन प्रश्न विचारा. डिस्क भरत आली तर मेसेज कुणाच्या फोनवर येतो? तो मेसेज शेवटचा मुद्दाम कधी तपासला? लॉगमध्ये रोज येणारी एखादी एरर आहे का, आणि असेल तर तिचं कारण काय? तिन्हींची उत्तरं लेखी घ्या. तिसऱ्या प्रश्नाला 'ते रोजचंच आहे' असं उत्तर आलं, तर हा लेख त्याला पाठवा.